कापू नको

हे मी लिहिणारच नव्हतो. फोनवर दोन-तीनदा सुरुवात केली आणि पुसून टाकली. मेलेल्या बापाबद्दल लिहायला बसलं की बोटं आपोआप गोड गोड टाइप करायला लागतात. कष्टाळू होता, कुटुंबासाठी जगला, घोड्यावर त्याच्यासारखा कोणी बसला नाही. सगळं खरं आहे. आणि वाचलं की उलटी येते. मग आज सकाळी गोदामाचं शटर माझ्या उजव्या अंगठ्यावर पडलं.

तसं मोठं काही नाही. रीनोच्या या गोदामात रोज कोणाचं तरी काहीतरी चेमटतं. ट्रक निघाला, मी शटर खाली ओढलं, हात काढायला उशीर झाला, बस. नखाखाली रक्त साचून काळं झालं. सुपरवायझर बाई म्हणाली, "बर्फ लाव आणि घरी जा, इथे बसून कण्हू नको." मी कण्हत नव्हतो. मी अंगठ्याकडे बघत होतो. माझ्या बापाला उजवा अंगठा नव्हता. मी शाळेत होतो तेव्हापासून त्या जागी एक गुळगुळीत, गुलाबी, जरा चमकणारं टेकाड होतं, आणि तो विचारात असला की डाव्या हाताने ते चोळत बसायचा. आता माझा अंगठा असा धडधडत होता की वाटलं, एवढी वर्षं त्याचा दुखायचा राहिलेला अंगठा माझ्या हाताला येऊन दुखतोय. खोलीवर आलो. बर्फाच्या पिशवीत उजवा हात घालून डाव्या हाताने हे टाइप करतोय. शनिवारी दुपारी रँचवर सगळं खोरं जमणार आहे, बापाच्या आठवणीसाठी. तो गेला तेव्हा जमीन गोठलेली होती, रस्ते जेमतेम चालू होते, घरच्या घरी पुरलं. आता बर्फ वितळलंय, वासरांना डाग द्यायचे दिवस आलेत, लोक तसेही जमतात. आईने मला बोलायला सांगितलंय.

आमच्या उत्तर नेवाडात दोर टाकायची एक रीत आहे. फास जनावराच्या गळ्यात पडला की दोराचं हातातलं टोक खोगिराच्या पुढच्या खुंटाला भराभर वेढायचं आणि धरून ठेवायचं. गाठ मारायची नाही. वेढे दिलेले असले की जिवावर आलं तर सोडता येतं. टेक्सासकडचे लोक खुंटाला आधीच पक्की गाठ मारून निघतात, म्हणजे माणूस, घोडा आणि सांड तिघं एकाच दोराला. आमची म्हातारी मंडळी त्यांना हसतात. हसताना तोंडावर हात नेतात आणि त्यातल्या कित्येकांच्या हाताला चारच बोटं असतात. वेढा देताना अंगठा दोराखाली राहिला आणि पलीकडून सांडाने हिसका दिला की अंगठा जातो. कापला जात नाही, पिळवटून तुटतो. आवाज येतो म्हणतात. बापाला विचारलं होतं एकदा, कसला आवाज? म्हणाला, "गाजर मोडल्यासारखा." आणि ताटातलं गाजर उचलून कडकन मोडलं. डार्ला, माझी बहीण, जेवण सोडून उठली. तो हसत राहिला.

अंगठा गेला त्या दिवशी तो चक्र्यांसकट स्वयंपाकघरात आला होता. हे सांगायलाच हवं. बुटाच्या टाचेला बांधायच्या त्या दातेरी चक्र्या, घोड्याला टोचायच्या. चालताना त्या छनछन वाजतात. आमच्या घराचा नियम असा की चक्र्या ओसरीवर काढायच्या. दाराशेजारी एक खिळा होता, त्यावर त्या लटकायच्या. चक्र्या काढलेला माझा बाप, ऑरिन टॅकेट, हा वेगळा माणूस होता. मोज्यांवर घरभर फिरायचा, आईला मागून धरून चुलीसमोर नाचवायचा, रविवारी आंबवलेल्या पिठाची धिरडी करायचा आणि पहिलं जळकं धिरडं स्वतः खायचा. घरात त्याने कधी कोणावर हात उगारला नाही. आई हे अभिमानाने सांगते आणि ते खरं आहे. मला मारायचं असलं की तो जेवणावरून उठायचा, ओसरीवर जायचा, शांतपणे खाली बसून चक्र्या बांधायचा. दोन्ही पायांना. पट्टे नीट ओढायचा. मग दाराआडून हाक यायची, "लायल, बाहेर ये." मी आत बसून त्या पट्ट्यांचा आवाज ऐकायचो. मार काय, विसरला जातो. अजूनही शेजारच्या खोलीत कोणी बॅगेचं बक्कल लावलं की माझ्या मानेवर काटा येतो.

तर त्या दिवशी स्वयंपाकघराच्या फरशीवर छनछन आली आणि मी भिंतीला टेकलो. डार्ला टेबलाखाली. आई चुलीपाशी, हातात पळी. तिने वळूनसुद्धा बघितलं नाही, तिची पाठ नुसती ताठ झाली. बाप म्हणाला, "ल्यूएला, एक टॉवेल दे. जुना दे." मग आम्ही खाली बघितलं. दारापासून टेबलापर्यंत लाल थेंबांची ओळ. आणि मला काय झालं सांगू? मला हायसं वाटलं. रक्त त्याचं होतं.

अंगठा हातमोज्यातच राहिला होता. डॉक्टरने शिवला नाही. बापाने तो मोज्यासकट मागच्या टेकडीवर पुरला, जिथे आम्ही कुत्री पुरतो, आणि म्हणाला, "मातीला पहिला हप्ता दिला." त्यानंतर तो हिवाळाभर घरात होता. जनावरांच्या कातड्याच्या वाद्या वळून दोर करायची त्याची कला होती, अंगठ्यावाचून ती गेली. मग तो डार्लाच्या केसांवर परत शिकला. रोज सकाळी तिला स्टुलावर बसवायचा आणि चार बोटांनी वेणी घालायचा. पहिले काही दिवस ती रडायची, कारण तो इतकी घट्ट ओढायचा की तिचे डोळे बारीक व्हायचे. पण हात बसला त्याचा. शाळेतल्या बायका विचारायच्या, वेणी कोण घालतं गं तुझी, किती सुबक. तो जाईपर्यंत डार्ला, दोन मुलं झाल्यावरही, घरी आली की त्याच्यापुढे पाठ करून बसायची. शनिवारी मी हे सांगावं असं आईला वाटतं. वेणीचं सांग, म्हणते. सांगणारच आहे.

घोड्यावर परत बसला तेव्हा त्याने खुंटाला पक्की गाठ मारायला सुरुवात केली. चार बोटांनी भराभर वेढे देता येत नाहीत. खोऱ्यात लोकांनी चिडवलं. आमचा शेजारी वॉन स्टोडार्ड दुकानात मोठ्याने म्हणायचा, "आले का टेक्सासचे पाव्हणे?" बाप ओठाखालची तंबाखू जिभेने सरकवायचा आणि म्हणायचा, "वॉन, तू सोडायची सोय ठेवून धरतोस. मी धरलं की धरलं." गाठ मारणाऱ्याबरोबर जो कोणी जाईल त्याने धारदार सुरी जवळ ठेवायची, ही पण एक रीत आहे. घोडा पडला, माणूस अडकला, तर दुसऱ्याने विचार न करता दोर कापायचा. विचारायचं नाही. बापाला हीच गोष्ट झेपायची नाही. कापलेला दोर म्हणजे त्याच्या लेखी कोणीतरी सगळ्यांदेखत त्याची पँट उतरवल्यासारखं. "माझा दोर कापू नको" हे तो नव्या माणसाला नाव विचारायच्या आधी सांगायचा.

डेल्बर्टला पण सांगितलं होतं. डेल्बर्ट शोशोनी या इथल्या मूळ आदिवासी जमातीचा, माझ्या वर्गातला, माझा एकमेव मित्र म्हटलं तरी चालेल. शाळा सुटल्यावर तो आमच्याकडेच कामाला लागला, आणि बापाचा माझ्यापेक्षा त्याच्यावर जीव. खरं सांगतो, मला त्याचं काही वाटायचं नाही. घोड्यावर तो होताच तसा. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तिघं टेकडीच्या उतारावर एक उंडगा बैल पकडायला गेलो होतो. बापाने फास टाकला, बैल खाली घळीकडे पळाला, घोडा घसरायला लागला. मागच्या पायांवर बसून घसरत होता बिचारा, दगड उडत होते, आणि पुढे दहा पुरुष खोल घळ. बाप ओरडत होता, "कापू नको! कापू नको!" डेल्बर्टने आपला घोडा मध्ये घातला आणि दोर कापला. दोर बंदुकीसारखा वाजला. बैल दोर घेऊन गेला, बापाचा घोडा घळीच्या काठावर थांबला, थरथरत, फेस गाळत. एक क्षण सगळं छान होतं. ऊन होतं. मग बाप खाली उतरला, डेल्बर्टपाशी चालत गेला, त्याला शर्टाला धरून खाली ओढलं आणि चाबकाची शिसं भरलेली मूठ त्याच्या जबड्यावर मारली. एकदा. मग परत. दुसऱ्यांदा डेल्बर्ट आधीच गुडघ्यावर होता. तोंडातून रक्ताबरोबर एक दात बाहेर आला आणि हनुवटीला चिकटून राहिला. बापाच्या पायातल्या चक्र्या उन्हात चमकत होत्या आणि माझ्या डोक्यात काय आलं तर, चक्र्या आहेत, म्हणजे नियमात बसतंय.

मी मध्ये पडलो तेव्हा बाप माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की मी कुठून आलो हेच त्याला कळत नव्हतं. मग त्याचा चेहरा एकदम म्हातारा झाला. डेल्बर्टला त्यानेच उचललं. त्यानेच गाडी चालवली, हॉस्पिटलपर्यंत सगळा रस्ता एका हाताने त्याचं डोकं मांडीवर धरून. डॉक्टरने विचारलं काय झालं, तर कोणी काही बोलायच्या आधी डेल्बर्टनेच फुटलेल्या तोंडाने सांगितलं, "घोडा. लाथ." तारेने जबडा बांधलेला होता तेवढे दिवस तो आमच्या घरात राहिला. आई मांसाचं सूप गाळून द्यायची, बाप त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसायचा आणि नळी त्याच्या ओठात धरायचा. मोज्यांवर. चक्र्या खिळ्याला. "हळू, पोरा, हळू," म्हणायचा. मला कधी पोरा म्हणाला नाही. डेल्बर्ट बरा झाला पण त्याचा जबडा खाताना टक टक वाजतो. एका टेबलावर बसून रोज ती टकटक ऐकायची आणि बाप शेजारी त्याला बटाटे वाढतोय ते बघायचं, मला नाही जमलं. त्या पानगळीत मी रीनोला आलो. लोकांना वाटतं शहराची हौस.

तो गेला ते असं. बर्फात एक सांड कळपातून फुटला होता. बाप आणि डेल्बर्ट दोघंच. फास पडला, घोड्याचा पाय बिळात गेला, घोडा कुशीवर पडला आणि बापाचा पाय खाली. दोर खुंटापासून त्याच्या छातीवरून सांडापर्यंत ताठ. घोडा उठायला बघायचा, सांड ओढायचा, घोडा परत पडायचा. डेल्बर्टने सुरी उघडलेली होती. पोहोचला पण होता. आणि बाप ओरडला, "कापू नको, धरलाय मी त्याला!" मग सांड फिरला आणि दोर छातीवरून गळ्यावर आला. डेल्बर्टने कापला. बाप ओरडायचा थांबल्यावर कापला. घोड्याचा पाय मोडलेला होता, त्याला तिथेच गोळी घातली.

खोरं काय म्हणतं ते मला वॉनच्याच तोंडून कळलं. घरी गेलो होतो पुरायला, तो दाराशी हॅट हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "घोड्याला गोळी घालायला बरा हात चालला त्याचा. दोरापाशी गोठला. त्यांच्यात असतंच ते." मी काही बोलायच्या आत आईने त्याला कॉफी दिली. आता डेल्बर्टबरोबर दोर टाकायला कोणी तयार नाही. पलीकडच्या रँचवाल्यांनी नको म्हटलं. आमच्या रँचच्या मॅनेजरने त्याला सांगितलंय की डाग देण्याचं काम संपलं की सामान उचल. गोठला, म्हणतात. जो माणूस एकदा क्षणात कापून गेला त्याला. पण ते एकदाचं कोणालाच माहीत नाही. घोड्याने लाथ मारली होती ना.

म्हणून परवा आईला फोन केला. विचारलं, शनिवारी जबड्याचं सांगितलं तर?

ती बराच वेळ भांडी घासत राहिली. ऐकू येत होतं.

"वेणीचं सांग," ती म्हणाली. "धिरड्यांचं सांग. डार्लाला ताप होता तेव्हा बर्फातून चालत गेला ते सांग. घरचा माणूस होता म्हण."

"होताच. पण डेल्बर्टचं काय?"

"डेल्बर्टला घोड्याने लाथ मारली होती."

"आई, तू रक्ताचे शर्ट धुतलेस."

"घोड्याने लाथ मारली होती, लायल." आणि मग एकदम वेगळ्या, बारीक आवाजात, "मी त्याच्याबरोबर इतकी वर्षं झोपले. मला काहीतरी राहू दे."

अंगठ्याबरोबर ते वाक्यही ठणकतंय. तिचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. तिच्या वाट्याला मोज्यांवरचा माणूस आला. तो खरा होता, मी त्याला बघितलंय. आणि ओसरीवर बसून पट्टे ओढणारा, तोही कुठून दुसरीकडून आला नव्हता. दोघांमध्ये एक दार होतं आणि एक खिळा.

एवढं टाइप केलं आणि दारावर थाप पडली. डेल्बर्ट. खाली रस्त्यावर मॅनेजरचा ट्रक, मागे जोडलेला घोडे न्यायचा रिकामा ट्रेलर. घोडे विकून परत चालला होता, मला उचलायला आला. थंडीचं जाकीट, तीच मळकी हॅट, हातात कागदी पिशवी.

"लायल्या, हात बुडवून काय करतोयस? मासे धरतोयस?"

मी बर्फातून अंगठा काढून दाखवला. त्याने शीळ घातली.

"अरे वा. खानदानी दुखणं! आता गाठ मारायला शिक, बापासारखी."

"गप रे."

त्याने स्वतःच फ्रीज उघडला, कालचा उरलेला सँडविच काढला, उभ्या उभ्या खायला लागला. टक. टक. टक. खोली एवढीशी, तो आवाज भिंतींना लागत होता. त्याच्या हे लक्षात आलं असावं. त्याने सँडविच खाली ठेवला आणि कागदी पिशवी माझ्या मांडीवर टाकली. आत दोर होता. दोन तुकडे. एका तुकड्याच्या टोकाला फास, दुसऱ्याच्या टोकाला खुंटाची गाठ, अजून तशीच आवळलेली. मधला छेद इतका स्वच्छ की धागा न् धागा मोजता आला असता. चांगली सुरी होती. फक्त उशीर झाला होता. एका तुकड्यावर तपकिरी काहीतरी वाळलं होतं. मी बोट लावलं नाही.

"आईला दाखवू नको," तो म्हणाला. "जाळ, पूर, काय करायचं ते कर. माझ्या ट्रंकेत नको तो. झोप लागत नाही."

"शनिवारी मी बोलणार आहे," मी म्हणालो.

"ल्यूएलाने सांगितलं मला. वेणीचं बोल. ते छान आहे."

"चाबकाचं पण बोलणार आहे."

तो हसला, म्हणजे तोंड हसण्यासारखं केलं. मग हॅट काढून टेबलावर ठेवली. हॅटखाली कपाळ एकदम पांढरं, लहान पोरासारखं. "नको," म्हणाला. "ऐक माझं. मला नळीने सूप पाजलंय त्याने. माझ्या स्वतःच्या बापाने मला पाणी नाही दिलं कधी. काम काय, मिळेल कुठेतरी. आयडाहोला जाईन. त्याच्या नावाला हात लावू नको. ल्यूएला मरेल."

"तुला गोठला म्हणतात ते."

"गोठलोच ना मी." आवाज चढला त्याचा. "सुरी हातात होती, लायल्या! दोरावर टेकवलेली होती! तो ओरडला आणि माझा जबडा दुखला. समजतंय का तुला? इथे, आतून. हात हललाच नाही. चार वर्षांनी दुखला आणि हात हलला नाही. आणि मग तो ओरडायचा थांबला आणि मला मोकळं वाटलं की आता कापता येईल." त्याने दोन्ही तळहात डोळ्यांवर दाबले. "एवढंच झालं. हे काय सांगणार तू लोकांना? नको सांगू. सोड. नको, नको, नको."

शेवटचे ते तीन शब्द त्याने ज्या आवाजात म्हटले तो आवाज मी ओळखला. घळीच्या कडेवर घोडा मागच्या पायांवर बसून घसरत होता तेव्हाचा आवाज. बापाचा. नको म्हणणारा माणूस तेव्हाही खाली चाललेला असतो. त्याला ते माहीत असतं आणि तरी तो धरून ठेवतो, कारण त्याला तेवढंच येतं. हे आमच्या घरात सगळ्यांना येतं. आई तेच करतेय भांडी घासत. आणि त्या दिवशी, उन्हात, जगात एकच माणूस होता ज्याने नको ऐकलं आणि तरी घोडा मध्ये घातला. त्याचीच आम्ही बोलती तारेने बांधली.

मी उठलो. दोराचे तुकडे पिशवीत परत घातले आणि पिशवी माझ्या बॅगेत, शनिवारच्या पांढऱ्या शर्टाखाली ठेवली. बॅगेचं बक्कल डाव्या हाताने लावलं. मानेवर काटा आला, येऊ दिला. डेल्बर्ट बघत होता.

"ते कशाला घेतोयस?"

"दाखवायला. आधी वेणी सांगणार, धिरडी सांगणार. मग हा छेद दाखवणार आणि तू आधी एकदा कापलं होतंस ते सांगणार, आणि त्याचं तुला काय मिळालं ते. आई पहिल्या रांगेत असेल. तिच्याकडे बघून सांगणार."

"लायल्या, कापू नको." त्याच्या लक्षात आलं तो काय बोलला ते. त्याचं तोंड उघडंच राहिलं, जबडा एकदा टक वाजला.

मी त्याची हॅट उचलून त्याच्या डोक्यावर ठेवली. अंगठा ठणकत होता, नखाखालून रक्त झिरपायला लागलं होतं, हॅटच्या कडेला त्याचा ठसा लागला.

"डेल्बर्ट, शब्द देतो तुला," मी म्हणालो. "शनिवारी तू कितीही ओरड. मी कापणार. तू गप्प व्हायच्या आधी कापणार."